कोठाराची किल्ली कुणाकडे? सुभेदार पानेहसी आणि थीब्झचं बंड

पानेहसी हे नाव प्राचीन इजिप्तच्या कागदांत दोन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं.

पहिला कागद आहे फॅरो रामसेस अकरावा याच्या कारकिर्दीच्या १२ व्या वर्षाचा, म्हणजे इ.स.पू. ११०० च्या थोडं अलीकडचा. धान्यवसुलीची ही नोंद आज इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. तिथे पानेहसीच्या नावाआधी बिरुदांची माळच लागते: राजाच्या उजव्या हाताला पंखा धरणारा, राजलेखनिक, सेनापती, फॅरोच्या कोठारांचा अधिकारी, कुशचा राजपुत्र. पंखा धरणारा म्हणजे वारा घालणारा नोकर नव्हे, दरबारातला मोठा मानकरी. ‘कुशचा राजपुत्र’सुद्धा राजघराण्यातलाच असावा असं नव्हतं. इजिप्तच्या दक्षिणेला, आजच्या सुदानच्या बाजूला, न्युबिया नावाचा सोन्याच्या खाणींचा मुलूख होता. त्याच्या सुभेदाराचा तो हुद्दा.

दुसरा कागद त्यानंतर सातेक वर्षांनी चाललेल्या चोरीच्या खटल्याचा. साक्षीदार बोलता बोलता पानेहसीचं नाव घेतात आणि लेखनिक ते लिहून ठेवतो. बिरुदं सगळी गळालेली असतात आणि नावाच्या शेवटी शत्रूसाठी वापरायचं चिन्ह असतं. इजिप्तच्या लिपीत शब्दाच्या शेवटी एक न उच्चारायचं चिन्ह काढत, शब्द कोणत्या जातकुळीचा आहे हे कळावं म्हणून. देवाच्या नावामागे वेगळं, बाईच्या नावामागे वेगळं, वैऱ्याच्या नावामागे वेगळं. (देवळांच्या भिंतींवर रेखीव चित्रलिपी आणि कचेरीत तिचंच पळतं रूप, असा मामला होता. आपल्याकडे बाळबोध आणि मोडी होती ना, तसंच.)

सात वर्षांत सेनापतीचा शत्रू कसा झाला? गोष्ट गुंतागुंतीची आहे, कारण ती सलग कुणीच सांगितलेली नाही. खटल्यांतल्या जबान्या, करवसुलीचे हिशेब आणि घरगुती पत्रं यांच्या तुकड्यांतून ती जुळवावी लागते. पण एक धागा धरला की बरीचशी उलगडते. तो धागा म्हणजे धान्य.

त्या काळी इजिप्तमध्ये नाणं नव्हतं. पगार धान्यात मिळे. थीब्झ हे दक्षिण इजिप्तमधलं नाईलकाठचं मोठं शहर, आजचं लक्सर. त्याच्या पश्चिम काठावर, आज देर अल-मदिना म्हणतात त्या गावात, राजांच्या कबरी खोदणारे कारागीर राहत. त्यातल्या साध्या कामगाराला महिन्याला ४ खार एमर गहू आणि दीड खार जव मिळे. एमर म्हणजे आपला खपली गहू. एक खार साधारण ७७ लिटरचं माप, म्हणजे महिन्याला सव्वाचारशे लिटर धान्य झालं. त्यातल्या गव्हाची भाकरी, जवाची बिअर, आणि उरेल त्याच्या बदल्यात कापड, तेल, चपला. कोठार म्हणजे तिथली तिजोरीच. कोठाराचा अधिकारी म्हणजे अन्नखात्याचा कारकून असं वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. आजच्या भाषेत तो अर्थमंत्री होता.

ही व्यवस्था पानेहसीच्या कितीतरी आधी कुरकुरायला लागली होती. रामसेस तिसरा याच्या २९ व्या वर्षी, इ.स.पू. ११५० च्या दशकात, याच कारागिरांनी काम टाकलं, वस्तीची वेस ओलांडली आणि देवळांच्या मागे जाऊन बसले. चक्क धरणंच. आम्ही भुकेले आहोत, महिन्याचे अठरा दिवस उलटले, असं त्यांनी सांगितल्याची नोंद लेखनिकाने करून ठेवली आहे. कामगारांच्या संपाची इतकी जुनी आणि तपशीलवार नोंद दुसरी नाही. थोडंफार धान्य मिळालं, ते परत कामावर गेले, आणि पुन्हा थकबाकी, पुन्हा धरणं. पुढच्या काही दशकांत धान्याचे भाव कित्येक पटींनी चढले. वाळवंटातल्या लिबियन टोळ्या थीब्झपर्यंत यायला लागल्या. ‘परके लोक आल्यामुळे काम बंद’ असे शेरे कामाच्या रोजनिशीत दिसू लागतात.

मग धान्य होतं कुठे? बरंचसं देवळांत. रामसेस तिसऱ्याच्या मृत्यूनंतर देवस्थानांना दिलेल्या दानांची एक यादी तयार झाली, पपायरसची ४१ मीटर लांबीची गुंडाळी. तिच्यात थीब्झच्या देवळांच्या नावे ८,६४,१६८ अरूरा जमीन आहे. म्हणजे सुमारे २,४०० चौरस किलोमीटर, शहर-उपनगर मिळून जी मुंबई होते तिच्या जवळजवळ चौपट. शिवाय ४,२१,३६२ गुरं आणि ८६,४८६ माणसं. या पसाऱ्याचा बहुतेक भाग आमुन देवाचा, आणि आमुनचा कारभार महायाजकाच्या हातात. हे पदही घराण्यात चालत आलेलं: रामसेसनख्त, मग त्याचे मुलगे. त्यांच्यातला आमेनहोतेप इतका माजला (किंवा इतका मोठा झाला, तुम्ही कुठल्या बाजूचे यावर ते अवलंबून) की थीब्झमधल्या कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवर त्याने स्वतःला फॅरोच्या उंचीएवढं कोरून घेतलं. इजिप्तच्या चित्रांत राजा नेहमी सगळ्यांहून उंच. दोन बोटांनी ठेंगणा दाखवला असता तरी चाललं असतं, पण नाही.

आमेनहोतेपचं पुढे काय झालं ते एका द्वारपालाच्या जबानीतून कळतं. हा कागद इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला आहे. द्वारपाल सांगतो, परके सैनिक आले आणि त्यांनी मदिनत हाबूचं देऊळ काबीज केलं. त्यांनी त्यालाही धरून नेलं, तेव्हा महायाजक आमेनहोतेपला ‘दाबून’ सहा महिने झाले होते. दाबण्याचे नऊ महिने पुरे झाल्यावर हा द्वारपाल परत आला. ‘दाबणं’ हा शब्द मूळ कागदातल्या शब्दाच्या जवळचा आहे. पदावरून हटवलं, कोंडलं, हल्ला केला, यातलं काहीही त्यात बसतं. कर्नाकच्या एका भग्न शिलालेखातही या आपत्तीचा उल्लेख आहे. तिथे महिने आठ आहेत.

आणि इथेच अभ्यासकांची दोन टोकं होतात. एक गट म्हणतो, महायाजकाला दाबणारा पानेहसीच. आपलं न्युबियन सैन्य घेऊन तो थीब्झमध्ये आला, सैन्याला खायला घालायला कोठारं हवी होती, म्हणून देवळाच्या धान्यावर हात टाकला आणि महायाजक आडवा आला. दुसरा गट म्हणतो, उलटं आहे. महायाजकाला दुसऱ्याच कुणी दाबलं, गोंधळ निस्तरायला फॅरोने पानेहसीला बोलावलं, आणि आल्यावर तो गेलाच नाही. मला दुसरं जास्त पटतं, कारण १२ व्या वर्षीच्या त्या नोंदीत पानेहसी फॅरोच्या नावानेच वसुली करतो आहे. पण खरं सांगायचं तर थीब्झच्या माणसाला यात फारसा फरक पडत नव्हता. शहरात एक फौज बसली होती आणि तिला रोज भाकरी लागत होती.

त्या नोंदीतली गंमत बघा. धुतमोस नावाचा लेखनिक पानेहसीच्या हुकमाने बोटीने दक्षिणेला एस्नापर्यंत जातो, गावोगावच्या देवळांकडून आणि शेतकऱ्यांकडून फॅरोच्या जमिनीचं धान्य गोळा करतो आणि थीब्झला आणून देतो. तिथे ते ताब्यात घेणारा पश्चिम थीब्झचा नगराध्यक्ष कोण? पावेरआ.

हे नाव ओळखीचं आहे. रामसेस नववा याच्या १६ व्या वर्षी पूर्व थीब्झचा नगराध्यक्ष पासेर याने आरोप केला होता की पश्चिमेला राजांच्या कबरी लुटल्या जात आहेत. पश्चिमेची राखण पावेरआकडे. चौकशी समिती बसली, तिने दहा राजकबरी तपासल्या, एक फुटलेली निघाली, आणि तेवढ्यावर पासेरलाच खोटं पाडण्यात आलं. थोड्याच काळात पासेर कागदांतून नाहीसा होतो. पावेरआ मात्र दीड-दोन दशकांनंतरही खुर्चीवर आहे, आता सेनापतीचं धान्य मोजून घेतो आहे. कुंपणानेच शेत खाल्लं असं त्याच्याबद्दल सिद्ध करता येत नाही, पण कुंपणाला फार गाढ झोप लागायची हे नक्की.

त्याच चौकशीत आमेनपानुफेर नावाच्या पाथरवटाची जबानी झाली. लाचलुचपत कशी चालायची हे तिच्याइतकं उघड कुठेच दिसत नाही. आठ जणांनी मिळून राजा सोबेकेमसाफ आणि त्याच्या राणीची कबर फोडली. १६० देबेन सोनं मिळालं, प्रत्येकी २० देबेन. देबेन म्हणजे साधारण ९१ ग्रॅम, तेव्हा एकेकाच्या वाट्याला पावणेदोन किलोहून जास्त. पुढे हा पाथरवट पकडला गेला. त्याने आपले वीसच्या वीस देबेन धक्क्यावरच्या एका लेखनिकाला दिले आणि सुटला. मग साथीदारांकडे गेला आणि त्यांनी आपापल्या वाट्यातून त्याची भरपाई करून दिली. चोरांचा आपसातला व्यवहार चोख, सरकारी माणसाचा भाव ठरलेला. या जबानीचा कागदही दुभंगला होता. वरचा अर्धा भाग १९३५ मध्ये ब्रसेल्सला एका लाकडी मूर्तीच्या पोटात सापडला.

तर पानेहसी आला तो अशा गावात. त्याच्या आधी तिथे सगळं आलबेल होतं आणि त्याने येऊन नासवलं, असं नाही.

त्याचा कारभार कसा होता याच्या जबान्या मात्र चांगल्या नाहीत. एकजण सांगतो, पानेहसी आला आणि माझ्या वरिष्ठाला, त्याचा काही दोष नसताना, त्याने दाबलं. त्याच्या सैन्याने उत्तरेला, बोटीच्या वाटेने कित्येक दिवसांच्या अंतरावर, हारदाई हे नगर उद्ध्वस्त केल्याचा उल्लेख येतो. चोरांच्या यादीत काही नावांपुढे ‘पानेहसीने मारला’ असा शेरा आहे. आणि चांदी कुठून आली असं विचारल्यावर एका बाईने दिलेलं उत्तर आहे: तरसांच्या वर्षी, भुकेच्या वेळी, जव देऊन मिळवली. तरसांचं वर्ष. आपल्याकडे १८७६-७७ चा दुष्काळ धाता संवत्सरावरून धात्या दुष्काळ म्हणून लक्षात राहिला, तसं थीब्झच्या लोकांनी त्या वर्षाला तरसांचं नाव दिलं. तरस खरोखर गावात शिरले होते की तो शब्द माणसांसाठी होता, यावर हवी तेवढी चर्चा होऊ शकते. बाईचं उत्तर खरं की खोटं हाही प्रश्नच. पण न्यायाधीशांना ते अशक्य वाटू नये अशी तिची अपेक्षा होती, म्हणजे त्या वर्षी मूठभर जवासाठी लोकांनी चांदी सोडली हे सगळ्यांना माहीत होतं.

गंमत म्हणजे राजाच्या दफ्तरात तेव्हाही पानेहसी राजाचाच माणूस. रामसेस अकराव्याच्या १७ व्या वर्षी फॅरो त्याला पत्र पाठवतो. कशाबद्दल? एका देवीच्या पालखीबद्दल. दरबारचा अधिकारी येनेस तिकडे येतो आहे, त्याच्याबरोबर राहून काम पुरं करून घे, अमुक रत्नं आणि फुलं पाठव. पत्रात बंडाचा वासही नाही. गादीवरच्या राजाला वस्तुस्थिती माहीत नव्हती, की माहीत असून पालखीवर भागवावं लागत होतं? मला वाटतं दुसरं. ज्याच्याकडे फौज आहे त्याला राजा हुकूम सोडू शकतो, पण पाळता येतील असेच.

दोन वर्षांत चित्र पालटलं. १९ व्या वर्षी नवी कालगणना सुरू झाली. तिचं नाव ‘वेहेम मेसुत’, म्हणजे पुनर्जन्म. आता सगळं नव्याने, असं जाहीर करणारी घोषणा. कागदांवर ‘पुनर्जन्माचं पहिलं वर्ष’ असं लिहिलं जाऊ लागलं, आणि त्याच वर्षी चोरीचे ते मोठे खटले उभे राहिले. पानेहसी तोवर थीब्झमधून निघून दक्षिणेला न्युबियात गेला होता आणि त्याच्या नावाला शत्रूचं शेपूट लागलं होतं. या खटल्यांत साक्षीदाराला आधी काठीने मारत, हातपाय पिळत आणि मग शपथ घ्यायला लावत: खोटं बोललो तर माझं नाक-कान कापा आणि मला कुशला धाडा. ही शपथ जुन्या काळापासून तशीच चालत आलेली. पण आता कुश पानेहसीच्या ताब्यात होतं! कुणाला तिकडे पाठवायचं म्हटलं तर बंडखोराच्या हवाली करण्यासारखंच.

थीब्झमध्ये नवे सेनापती आले. हेरिहोर आणि पियांख ही त्यांतली दोन ठळक नावं. आधी कोण आणि नंतर कोण यावर गेली तीसेक वर्षं वाद आहे, त्यात इथे शिरत नाही. लक्षात घ्यायचं ते एवढंच की दोघेही सेनापती होते आणि आमुनचे महायाजकही. पानेहसीकडे तलवार आणि सरकारी कोठार होतं, देऊळ नव्हतं. यांनी तिन्ही एका माणसात आणली. हेरिहोरने तर कर्नाकच्या खोन्सू देवळात स्वतःचं नाव राजासारखं कोरून घेतलं, खरा राजा उत्तरेत जिवंत असताना.

पुनर्जन्माच्या १० व्या वर्षी पियांख पानेहसीवर चालून न्युबियात गेला. या मोहिमेची माहिती देणारी पत्रं शाबूत आहेत, आणि ती लिहिणाऱ्यांत पुन्हा तोच धुतमोस आहे. ज्याने पानेहसीसाठी धान्य गोळा केलं, तोच आता पानेहसीवर निघालेल्या फौजेबरोबर, म्हातारा आणि आजारी. घरी मुलगा बुतेहामुनला लिहितो: आमुनची प्रार्थना करा, मला सुखरूप परत आणू दे. सेनापती बदलतात, लेखनिक तोच राहतो. त्याच्याकडून भाले मागवले जातात. जुन्या कपड्यांच्या चिंध्या पट्ट्या करून पाठवा, माणसांच्या जखमा बांधायला हव्यात, असंही येतं. मोहीम कशी चालली होती हे त्या चिंध्यांवरून ओळखावं.

पियांखची स्वतःची तीन पत्रं बर्लिनच्या संग्रहात आहेत, तीन वेगवेगळ्या माणसांना एकाच मजकुराची. दोन मेजाय, म्हणजे पोलिस, काहीतरी बोलले होते. पियांख लिहितो: त्यांना माझ्या घरी आणा, बोलले ते खरं आहे का त्याचा छडा लावा, आणि खरं निघालं तर दोघांना दोन टोपल्यांत घालून रात्री पाण्यात टाका, कुणाला कळू देऊ नका. तीनपैकी एक पत्र नोज्मेत या थीब्झमधल्या बड्या बाईला. दुसऱ्या एका पत्रात पुढे हे येतं: फॅरो या मुलखात पोचणार कसा? आणि फॅरो आता कुणाचा धनी उरला आहे? लगेच खाली तक्रार, की तीन महिने झाले, मी बोट पाठवली तरी सोन्याचा एक देबेन की चांदीचा एक देबेन तुम्ही पाठवला नाही.

ही वाक्यं फॅरोच्या सेनापतीची आहेत, फॅरोच्या शत्रूवर चालून गेलेल्या. पानेहसीने असं काही लिहिल्याचा पुरावा नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी, म्हणून एकाचं नाव बंडखोर आणि दुसऱ्याचं नाव महायाजक.

सोन्याची तक्रार तशीच राहिली नाही. बुतेहामुन आणि त्याच्या सहकाऱ्याने पियांखला पाठवलेल्या पत्रात त्याचाच हुकूम परत उद्धृत केला आहे: आजवर कधी केलं नाही असं एक काम करा, थोरामोठ्यांच्या कबरींपैकी एक उघडा आणि मी येईपर्यंत तिची मोहोर जपून ठेवा. पाथरवटाने सोबेकेमसाफची कबर फोडली तर तो चोर होता. आता तेच काम लेखी हुकमाने, सरकारी पगारावर सुरू झालं. राजांच्या दरीत खडकांवर बुतेहामुनने कोरलेली नावं आजही दिसतात. राजांची शवं कबरींतून बाहेर काढली, अंगावरचं सोनं उतरवलं, नव्याने कापडात गुंडाळली, शवपेट्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लिहिल्या आणि गुप्त जागी हलवली. पवित्र कामच म्हणायचं ते. नाहीतरी चोरांच्या हाती लागलीच असती. १८८१ मध्ये देर अल-बहरीजवळच्या एका खोल विवरात सेती पहिला, रामसेस दुसरा असे मोठमोठे राजे एकाशेजारी एक सापडले. व्यवस्थित गुंडाळलेले, आणि जवळपास कफल्लक.

पानेहसी मात्र हाती लागला नाही. न्युबिया इजिप्तच्या हातून कायमची गेली आणि तिच्याबरोबर खाणींचं सोनंही. पानेहसीच्या नावाची कबर न्युबियात अनिबा इथे आहे.

रामसेस अकराव्यानेही राजांच्या दरीत स्वतःसाठी कबर खोदायला घेतली होती. ती अर्धवट राहिली आणि त्याला तिथे पुरलंच नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ती साफ करताना इतर राजांच्या शवपेट्यांवरून खरवडलेले सोन्याच्या मुलाम्याचे कपचे तिथे सापडले. शवांवरचं सोनं उतरवायची कार्यशाळा म्हणून ती वापरात होती.